सवाष्णीचं पान

सत्यभामाबाईंनी अंबाडीच्या भाजीचं पातेलं उचललं आणि बायकांची पंगत एकदम गप्प झाली. नारायणराव वारल्यापासून महालक्ष्म्यांच्या जेवणात त्या कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून पुढे आल्या नव्हत्या. विधवेनं सवाष्णींना वाढू नये असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीच ते स्वतःला सांगून टाकलं होतं, आणि त्यांनी एकदा ठरवलं की ते बदलायची कोणाची बिशाद नव्हती. थोरली सून पद्मजा दरवर्षी म्हणायची, "आई, या वर्षी तरी तुमच्या हातानं वाढा." त्या दरवर्षी पदर ओढून आत निघून जायच्या. आणि आज कोणी काही म्हटलेलं नसताना पातेलं घेऊन थेट पहिल्या पानापाशी येऊन उभ्या राहिल्या. पहिलं पान पद्मजाचं होतं.

धाकटी सून अर्पिता दारात झाकलेली वाटी घेऊन उभी होती. वाटीत पद्मजासाठी वेगळी केलेली भाजी होती, पाण्यात भिजवून ठेवलेली, दोनदा उकळून पाणी फेकलेली, नावालाच भाजी. पद्मजाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून हे काम अर्पितानं आपल्या अंगावर घेतलं होतं. डॉक्टरांनी तिला बसवून समजावलं होतं. भाजीतलं, डाळीतलं, केळ्यातलं पोटॅशियम आपल्या अंगातून लघवीवाटे निघून जातं. हिच्या अंगात ते साचतं, आणि फार साचलं की हृदय बंद पाडतं. अर्पितानं घरी येऊन हे सगळं सासूबाईंना सांगितलं होतं, आणि सासूबाई "हाव" म्हणाल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं की नुसतं ऐकून घेतलं होतं, हे आत्ता कळत होतं.

"आई, ताईचं मी वाढते," अर्पिता पुढे होत म्हणाली.

"सवाष्णीचं पान हाये. सोळाच्या सोळा भाज्या पडल्या पाह्यजेत." सत्यभामाबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मायबाया समोर मखरात बसल्या हायेत. आजच्या दिवसानं काही होत नाही."

अर्पितानं जावेकडे पाहून डोळ्यांनीच नाही म्हणून सांगितलं. पद्मजाला ते दिसलं. तिनं मान खाली घातली.

पद्मजाला काय होतंय हे चांगलं कळत होतं. तिला अंबाडी चालत नव्हती, भोपळा नव्हता, बटाटा नव्हता, शिकरण तर मुळीच नव्हतं. शिवाय आजची तिची डायलिसिसची पाळी तिनं बदलून घेतली होती. मेहकरला मशिनी मोजक्या आणि पेशंट उदंड. शहरात जे आठवड्यातून तीनदा होतं ते इथे दोनदा झालं तरी नशीब म्हणायचं. कोणाला अडचण आली तर पेशंट आपसात पाळी बदलून घ्यायचे. तिनं आपली आजची पाळी हिवरा आश्रमच्या शालिग्रामकाकांना दिली होती आणि त्यांची उद्याची घेतली होती. सासूबाईच म्हणाल्या होत्या, "महालक्ष्म्या जेवतील अन् घरची सवाष्ण तठी नळ्या लावून पडीन, हे मले पाह्यलं जात नाही."

पण सासूबाईंच्या हाताला नाही कसं म्हणायचं? गल्लीतल्या साऱ्या बायका बघत होत्या. इतक्या वर्षांनी त्या पुढे आल्या आणि पहिल्याच पानानं हात आडवा धरला, तर विधवेच्या हातचं सुनेनं नाकारलं, असाच त्याचा अर्थ झाला असता. मग त्या मरेपर्यंत पुन्हा पुढे आल्या नसत्या. पद्मजाला हा मान हवाही होता, हे खोटं कशाला बोला. गेले दोन महिने या घरात तिच्याशी कोणी नीट डोळ्याला डोळा भिडवून बोललं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की किडनी बदलता येईल, नवऱ्याचा रक्तगट जुळतो, पुढच्या तपासण्यांना या. पद्मजाचे आईवडील हयात नव्हते, एकुलत्या भावाला मधुमेह होता. म्हणजे देणारा एकटा नवराच, उद्धव. घरी आल्यावर सत्यभामाबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माह्या जीवात जीव हाये तोवर माह्या पोराचं पोट फाडू देणार नाही." उद्धवनं तपासणीची फाईल कपाटात ठेवून दिली. तपासणीची तारीख आली आणि गेली.

"खाय," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हलका होता. "माह्या हातचं हाये."

पद्मजानं अंबाडीचा घास घेतला. मग भोपळ्याचा. मग पुरण, कढी, आंबील, शिकरण. सवाष्णीनं पानात टाकू नये म्हणतात, तिनं काही टाकलं नाही.

*

विडे झाले, ओट्या भरून झाल्या, बायका हळदीकुंकवासाठी उठल्या आणि पद्मजा पाटावरच राहिली.

"ताई, उठा," अर्पिता वाकून म्हणाली.

"उठते म्हणते, पण पाय ऐकून नाही राह्यले." पद्मजा हसायला गेली. ओठ पांढरे पडले होते. "अंगात कसंतरीच होऊन राह्यलं, अर्पिता. छातीत धडधड चुकते."

अर्पितानं नाडी धरली आणि हाक मारली ती सगळ्या घराला ऐकू गेली. शेखरनं, तिच्या नवऱ्यानं, गाडी दारात आणली. उद्धवनं बायकोला दोन्ही हातांवर उचललं. हिमानी, त्यांची पंधरा वर्षांची मुलगी, आरतीचं ताट तसंच हातात धरून फाटकापर्यंत धावत आली. तिला उद्धवनं इतकंच सांगितलं, "काकूजवळ थांब."

सत्यभामाबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्याही होत्या.

"आई, महालक्ष्म्या घरात बसल्या हायेत," अर्पिता म्हणाली. "घरच्या मोठ्या बाईनं घर सोडून जायचं का?"

"तू हायेस ना."

"मी हायेच." अर्पिताचा आवाज चढला. मोताळ्याहून ती या घरात आली त्या दिवसापासून सासूबाईंसमोर तिनं कधी आवाज चढवला नव्हता. "मी तर वाटी घेऊनही उभी होते."

सत्यभामाबाईंनी दार ओढून घेतलं.

मेहकरचा रस्ता लांब नाही, पण उद्धवला तो त्या दिवशी संपेना. हिवरा आश्रमच्या रस्त्यावर त्याची भाजीच्या रोपांची नर्सरी होती. ती मागे गेली, जाळीखालची मिरचीची रोपं, पाण्याची टाकी, सगळं मागे गेलं. पद्मजाचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. तो तिच्या नाकापुढे हात धरून बघत होता आणि दर वेळी हाताला श्वास लागला की पुढच्या श्वासाची भीती वाटत होती.

"वहिनी बोलून राह्यली का?" शेखर आरशातून बघत म्हणाला. "बोलतं ठेव तिले, दादा."

"पद्मजा, हिमानीचं आरतीचं ताट पाह्यलं का?" काहीतरी बोलायचं म्हणून उद्धव म्हणाला.

"हूं," पद्मजा म्हणाली.

हिमानीचं नाव निघालं आणि त्याला गणपती बसले त्या दिवशीचं तिचं बोलणं आठवलं. भाजी निवडता निवडता पोरगी अगदी सहज म्हणाली होती, "मी अठराची झाली की मीच देते मम्मीले. तवरी चालते ना, काकू?" अर्पिता उठून बाहेर निघून गेली होती. उद्धव तिथेच होता. त्यानं पेपर उघडून तोंडापुढे धरला होता.

*

डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो पाहून चेहरा कोरा ठेवला आणि शिरेतून इंजेक्शन दिलं. "हे थोडा वेळ हृदय सांभाळेल. पण डायलिसिस लगेच लागणार," ते म्हणाले आणि आतल्या खोलीकडे गेले.

मशीन बघणारी अश्विनी बाहेर आली. तिनं पद्मजाकडे पाहिलं, मग घरच्यांकडे. "सगळ्या मशिनी चालू आहेत. बाकीच्यांना आत्ताच लावलंय, त्यांना काढता येत नाही. शालिग्रामकाकांचं बरंच झालंय, तासभर राहिलाय. ते उतरायला तयार झाले तरच."

शालिग्रामकाका, म्हणजे आज पद्मजाच्याच पाळीवर झोपलेला माणूस. सत्तरीच्या आसपासचे, टोपी पोटावर ठेवून छताकडे बघत पडलेले. सत्यभामाबाई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या. अर्ध्यावरून पुढचं शेखरनं सांगितलं.

"हे अशी झाली होय," शालिग्रामकाका म्हणाले. "उतरव बाई मले, अश्विनी. पण माह्यी एक अट हाये. उद्याची पाळी मी तिले दिली होती, ते मले वापस पाह्यजे. अर्धवट उतरून मी शनिवारपर्यंत तग धरत नाही."

"घ्या," सत्यभामाबाई घाईनं म्हणाल्या. "उद्याची तुमची."

"तुम्ही कोण?"

"सासू."

"मंग तिले विचारा. पाळी तिची हाये."

स्ट्रेचरवरून पद्मजानं मान हलवली. अश्विनीनं काकांच्या हातातल्या सुया काढल्या, मशीन धुतलं, नव्या नळ्या जोडल्या. तेवढ्या वेळात सत्यभामाबाईंनी महालक्ष्म्यांना काय काय कबूल केलं ते त्यांचं त्यांनाच माहीत. पद्मजाचं रक्त नळीतून वर चढलं आणि यंत्र संथ लयीत सुरू झालं, तेव्हा सगळ्यांना बाहेर काढण्यात आलं.

शालिग्रामकाका बाकावर हातातला कापूस दाबून बसले होते. त्यांचा नातू घ्यायला येणार होता. शेजारी सत्यभामाबाई बसल्या, पलीकडे शेखर. उद्धव भिंतीला टेकून उभा राहिला.

"तरणी हाये पोरगी," काका म्हणाले. "देणारं कोणी हाये का घरात?"

"हाये," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"मंग कायची वाट पाहून राह्यले?"

काकांनी कापूस उचलून रक्त थांबलं का ते पाहिलं. "म्या अठी किती लोकं पाह्यले. नवऱ्याले बायको देते. पोराले माय देते. बाईची येळ आली की साऱ्या घराले कामं निघतात." त्यात टोमणा नव्हता, पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं ते बोलले. "मी तर मागतही नाही. माह्यं वय झालं. चार पोरं हायेत, चौघंही फोन करतात." मग नातू आला आणि ते त्याच्या खांद्याला धरून निघून गेले.

ते दिसेनासे झाल्यावर शेखर आईकडे वळला. तो शाळामास्तर, आईसमोर लहानपणापासून मवाळ. थोरल्यानं बोलायचं आणि धाकट्यानं मान डोलवायची, अशीच या घराची घडी होती.

"माय," तो म्हणाला, "आता तरी दादाले जाऊ दे. बाबाच्या वक्ती संभाजीनगरशिवाय मशीन नव्हती, आठवड्यातून दोन खेपा आपल्याच्यानं झाल्या नाहीत, बाबा गेले. तेव्हा कोणाच्या हातात काही नव्हतं. वहिनीचं तसं नाही. देणारा घरात हाये, डॉक्टर द्या म्हणून राह्यले, अन् तू आडवी पडलीस. आज ते गेली असती तर लोकं म्हणाले असते, सासूनं मारली. अन् मीही म्हणालो असतो."

सत्यभामाबाईंच्या हाताला अजून पुरणाचा वास होता. त्यांनी पदराला हात पुसले. मग उद्धवकडे पाहिलं.

"सांगू का याले?" त्या म्हणाल्या.

उद्धवनं मान वर केली नाही.

"काय सांगायचं?" शेखरनं विचारलं.

"पोट फाडू देणार नाही, हे मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. पण मले म्हणायले कोणं लावलं, ते दादाले विचार."

शेखर आधी आईकडे आणि मग भावाकडे बघत राहिला.

डॉक्टरांकडून आले त्याच दिवशी उद्धव आईजवळ आला होता. त्या मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या. "माय, मले भेव लागते," तो म्हणाला होता. "पण मी नाही म्हटलं तर पद्मजा जन्मभर मले कोण्या नजरेनं पाहीन? तू नाही म्हण. तू म्हटलं तर मी काय करू शकतो?" पन्नाशीकडे आलेला पोरगा, ओल्या लुगड्याआड उभा राहून लहानपणी मार चुकवायला मागायचा तसं मागत होता. त्यांनी फार विचार केला नाही. सासूनं नाही म्हटलं तर कोणाला नवल वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही तेच हवं होतं. नवरा याच दुखण्यानं गेला, त्यात पोराच्या अंगाला हात लावू द्यायचा म्हणजे छातीवर दगड ठेवायचा.

पण पुढचं त्यांनी धरलं नव्हतं. पद्मजा काही बोललीच नाही. भांडली असती, माहेरी निघून गेली असती, तर ते पेलायला त्या तयार होत्या. ती मात्र रोज सकाळी त्यांना आल्याचा चहा आणून द्यायची. स्वतःला दिवसाचं पाणी मोजून प्यावं लागत असताना सासूला पेलाभर चहा द्यायची. तो चहा त्यांच्या घशाखाली उतरेना.

हे त्यांनी शेखरला थोडक्यात सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मले तिच्यासाठी काही करायचं होतं. तुह्या नाहीच्या बदल्यात म्या तिले सोळा भाज्या वाढल्या, उद्धवा."

"दादा?" शेखर म्हणाला.



"तू रागावू नको त्याच्यावर," सत्यभामाबाई शेखरला म्हणाल्या. मग त्या उठून थोरल्यापुढे उभ्या राहिल्या. त्या त्याच्या खांद्याइतक्याही नव्हत्या. "पण आता माह्याच्यानं होत नाही. तुह्यं ओझं मी खूप वाह्यलं. हाव म्हण नाहीतर नाही म्हण. मी तुले जोर नाही करत, माह्या पोटचा हायेस. पण जे म्हणायचं ते तुह्या तोंडानं तिले जाऊन म्हण. जाय आत."

*

आत थंडगार होतं. पद्मजा डोळे मिटून पडली होती, चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. उद्धव स्टुलावर बसला. या खोलीत तो आजवर बसला नव्हता. सोडायला यायचा, घ्यायला यायचा, मधला वेळ बाजारात काढायचा. नळीतलं रक्त दिसलं तसं त्यानं फरशीकडे पाहिलं.

"आई कोठी हायेत?" पद्मजानं विचारलं.

"बाहेर बसली."

"त्यांले म्हणा, जेवण चांगलं झालं होतं."

उद्धवनं स्टूल पुढे ओढलं. "पद्मजा, ते माय नाही म्हटली ना…"

"तुम्ही म्हणायले लावलं. माहीत हाये."

"कोणं सांगितलं?"

"कोणं सांगायले पाह्यजे. आईचं नाही एवढ्या लवकर येते का? त्या आधी दोन दिवस बडबडतात, मंग नाही म्हणतात." तिनं डोळे उघडले. "त्या दिवशी लगेच म्हटलं, अन् तुमच्याकडं पाह्यलं नाही. तेव्हाच समजली."

"मंग बोलली काऊन नाहीस?"

"काय बोलू? मागून घ्यायची वस्तू हाये का ते?"

यंत्र चालू होतं. पलीकडच्या पलंगावरचा पेशंट घोरत होता. उद्धवनं तिचा मोकळा हात धरला, त्याचा हात तिच्यापेक्षा थंड होता.

"मले भेव लागते, पद्मजा," तो म्हणाला. "बाबाच्या किडन्या गेल्या. तुह्या गेल्या. एकाच घरचं पाणी, एकच जेवण. उद्या तुले एक देल्ली अन् माह्यी उरलेली गेली, तर मीही अठीच येऊन पडीन. मंग हिमानीनं कोणाकडं पाह्यचं? अन् खरं सांगू का, हे सारं मी नंतर जुळवलं. पह्यल्यांदा नुसतं भेवच लागलं. टेबलावर झोपायचंच भेव."

हे सगळं बोलून झाल्यावर त्याला लाज वाटली आणि थोडं मोकळंही वाटलं. ती रडेल, नाहीतर हात काढून घेईल, असं त्याला वाटत होतं. तिनं तसं काही केलं नाही.

"मलेही लागते," पद्मजा म्हणाली. "ह्या सुया टोचतात ना, दरखेप लागते. आज तर पान समोर आलं तेव्हाही लागलं."

"मंग तू काय करते?"

"काय करते. भेत भेत येते अन् झोपते."

तिचे डोळे पुन्हा मिटले. तिला झोप लागली असं समजून तो हात सोडवायला लागला, तेव्हा ती तशीच डोळे मिटून बोलली. "तुम्हीही भेत भेतच चला. आधी तपासून तर पाहू द्या. तुमच्या जिवाले धोका असला तर डॉक्टरच नाही म्हणतील, मी गुमान घरी येईन. पण ते नाही डॉक्टरनं म्हणू द्या. आईले म्हणायले लावू नका."

उद्धव उठला. दार ढकलून तो बाहेर आला. शेखर फोनवर अर्पिताला सांगत होता की वहिनी शुद्धीवर आहे, बोलते आहे, हिमानीला जेवायला घाल. सत्यभामाबाई बाकावर एकट्या बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"माय," तो म्हणाला, "उद्या महालक्ष्म्या उठल्या की परवा सकाळी संभाजीनगरले जायचं हाये. शेखरले सांग, गाडी लागते."

"कोण म्हणते?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

उद्धव तिच्या शेजारी बाकावर बसला.

"मी म्हणतो."